अशिलाच्या क्रिप्टो वॉलेटचा पत्ता त्याच्या नावासह नोंदवून ठेवणे कितपत सुरक्षित आहे?

हिशेबनीस

पुण्यातील एका लहानशा सीए कार्यालयात मी विवरणपत्रांचे काम पाहतो. २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या (व्हीडीए, यात क्रिप्टो नाणी येतात) नफ्यावर ३० टक्के कर आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस लागू झाला, तेव्हापासून क्रिप्टोचे व्यवहार करणारे अशील आमच्याकडे नियमितपणे येऊ लागले. सुरुवातीस बहुतेकांचे व्यवहार भारतीय एक्स्चेंजवरच (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळांवर) होत आणि एक्स्चेंजने दिलेल्या उताऱ्यावरून हिशेब पूर्ण करता येत असे. आता परदेशी कंपन्यांचे काम करून मोबदला यूएसडीसीमध्ये (डॉलरच्या मूल्याशी बांधलेल्या क्रिप्टो नाण्यांत) घेणारे आणि एक्स्चेंजवरील नाणी काढून स्वतःच्या हार्डवेअर वॉलेटमध्ये (नाण्यांच्या किल्ल्या साठवणाऱ्या छोट्या उपकरणात) ठेवणारे अशीलही वाढले आहेत. त्यांच्या खरेदीची तारीख आणि किंमत शोधण्यासाठी आम्ही वॉलेटचे पत्ते (खाते क्रमांकासारखी अक्षर-अंकांची ओळख) मागून घेतो आणि ते नाव, पॅन व मोबाइल क्रमांकासह कार्यालयाच्या सामायिक एक्सेल तक्त्यात भरतो.

अलीकडे एका अशिलाने पत्ते देण्यास सौम्य शब्दांत, पण ठाम नकार दिला. नफ्या-तोट्याचे आकडे आणि पुरावे देण्यास त्यांची हरकत नाही. केवळ आपले नाव आणि वॉलेटचा पत्ता एका कागदावर एकत्र येऊ नये, एवढाच त्यांचा आग्रह आहे. बोलताना त्यांनी आर्कम या विश्लेषण कंपनीचे नाव घेतले आणि वॉलेटचा मालक ओळखून दाखवणाऱ्याला तेथे बक्षीस मिळू शकते असे सांगितले.

माझी अडचण अशी आहे की ब्लॉकचेनवरील, म्हणजे क्रिप्टोच्या सामायिक सार्वजनिक नोंदवहीतील, प्रत्येक व्यवहार जगातील कोणालाही पाहता येतो, हे आपण सारे गृहीत धरतो. जे मुळातच उघड आहे, त्याच्याशेजारी एक नाव लिहिल्याने नेमकी कोणती नवी हानी होते? कायदा याबाबत काय म्हणतो आणि आमच्यासारख्या कार्यालयाने कोणती माहिती घ्यावी व कोणती घेऊ नये, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

साखळीवाचक

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बिटकॉइनच्या मूळ निबंधातच आहे. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या त्या नऊ पानांत गोपनीयतेवर एक स्वतंत्र विभाग आहे. बँक व्यवहार झाकून ठेवते, येथे व्यवहार उघडे असतात आणि त्यामागची व्यक्ती झाकलेली असते, अशी त्यातील मांडणी आहे. म्हणून प्रत्येक व्यवहारासाठी नवा पत्ता वापरावा, असे तेथे सुचवले आहे आणि लगेच पुढे कबूलही केले आहे की एका पत्त्याचा मालक उघड झाला, तर त्याच्याशी जोडलेले इतर व्यवहारही त्याचेच असल्याचे कळू शकते. या पद्धतीत नाव हा एकच झाकलेला भाग आहे. आपल्या तक्त्यातील एक रकाना नेमका तोच उघडा करतो.

एका पत्त्यावरून इतर पत्ते कसे सापडतात, हे समजून घेतल्याशिवाय धोक्याचा आवाका लक्षात येत नाही. समजा, आपल्या अशिलाकडे वेगवेगळ्या पत्त्यांवर ०.४, ०.३ आणि ०.५ बिटकॉइन आहेत आणि त्यांना कोणालातरी एक बिटकॉइन द्यायचे आहे. वॉलेट तिन्ही रकमा एकाच व्यवहारात एकत्र करते आणि त्या व्यवहारासाठी तिन्ही पत्त्यांच्या खासगी किल्ल्यांची (नाणी खर्च करण्याचा अधिकार देणाऱ्या गुप्त संकेतांची) स्वाक्षरी लागते, त्यामुळे तिन्ही पत्ते एकाच हाती आहेत असे पाहणारा अनुमान काढतो. उरलेले ०.२ बिटकॉइन सुट्ट्या पैशांसारखे एका नव्या पत्त्यावर परत येतात. तो पत्ताही त्याच मालकाचा असल्याचे बरेचदा ओळखता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील सारा मायकलजॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याच दोन अनुमानांच्या आधारे पत्त्यांचे मोठमोठे गट पाडून दाखवले होते. त्यांनी स्वतः अनेक सेवांशी छोटे व्यवहार केले, त्यातून कोणता गट कोणत्या सेवेचा आहे हे निश्चित केले आणि मग त्या सेवांमध्ये येणारा-जाणारा पैसा वाचता येऊ लागला. आजच्या विश्लेषण कंपन्यांचा धंदा याच पायावर उभा आहे.

इथेरियम या दुसऱ्या मोठ्या ब्लॉकचेनवर परिस्थिती अधिक अवघड आहे, कारण तेथे बहुतेक लोक वर्षानुवर्षे एकच पत्ता वापरतात. नवा पत्ता उघडला, तरी त्यावरून कोणताही व्यवहार करायचा तर गॅस शुल्कासाठी (व्यवहार नोंदवण्याच्या शुल्कासाठी) थोडे ईथर, म्हणजे तेथील नाणे, लागते, आणि ते जुन्याच पत्त्यावरून पाठवले की दोघांची सांगड लागते. एक्स्चेंज प्रत्येक ग्राहकाला जमा करण्यासाठी स्वतंत्र पत्ता देते. दोन अनोळखी वॉलेटमधून त्याच एका पत्त्यावर रक्कम गेली, तर ती दोन्ही एकाच ग्राहकाची असण्याची शक्यता फार मोठी असते.

आता आपल्या यूएसडीसी घेणाऱ्या अशिलांकडे पाहा. परदेशी कंपनीला त्यांचे नाव ठाऊक आहे आणि त्यांचा पत्ताही. त्या क्षणापासून कंपनीचा कोणताही कर्मचारी त्या व्यक्तीची एकूण शिल्लक, तिला इतर कोणाकडून पैसे येतात का, आणि पगार मिळाल्यावर ती त्याचे काय करते, हे सारे पाहू शकतो. कंपनी एकाच वॉलेटमधून सर्वांचे पगार देत असेल, तर सहकाऱ्यांनाही एकमेकांच्या पगाराचा अंदाज बांधता येतो. बँक खात्याचा क्रमांक इतरांना कळला, म्हणून त्यातील शिल्लक कोणाला दिसत नाही. येथे पत्ता कळताच मागचा सर्व इतिहास तर दिसतोच, शिवाय पुढे होणारे व्यवहारही दिसत राहतात.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. काही वॉलेटमधून विस्तारित सार्वजनिक किल्ली, म्हणजे एक्सपब, काढून देता येते आणि कर मोजणारी सॉफ्टवेअरे ती सोयीसाठी मागतात. ती दिली की त्या खात्याचे आजवरचेच नव्हे, तर भविष्यात तयार होणारे पत्तेही घेणाऱ्याला काढता येतात. तिच्याबरोबर त्याच खात्यातील एखाद्या साध्या पत्त्याची खासगी किल्ली फुटली, तर काही परिस्थितीत संपूर्ण खात्याची खासगी किल्ली गणिताने काढता येते. ती कोणत्याही कार्यालयाने मागू नये.

आर्कमविषयी अशिलाने सांगितलेले बरोबर आहे. जुलै २०२३ मध्ये त्या कंपनीने अशी बाजारपेठ उघडली की तेथे कोणीही एखाद्या पत्त्याचा मालक शोधण्यासाठी बक्षीस लावू शकतो आणि माहिती देणाऱ्यास कंपनीच्या टोकनमध्ये मोबदला मिळतो. त्याच सुमारास असे उघड झाले की कंपनीच्या निमंत्रण-दुव्यांमध्ये वापरकर्त्यांचे ईमेल पत्ते सहज उलगडता येतील अशा सांकेतिक रूपात लिहिलेले होते. दुसऱ्यांची ओळख विकायला बसलेल्या दुकानाला स्वतःच्या ग्राहकांचे ईमेल झाकता आले नाहीत, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

शेवटचा मुद्दा चुकीच्या ओळखीचा आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. वर सांगितलेली सगळी अनुमाने आहेत; त्यांना अपवाद असतात. अनेक व्यक्ती ठरवून एकत्र व्यवहार करतात, तेव्हा पहिले अनुमान सरळ चुकते. शिवाय आपल्या पत्त्यावर कोणी काय पाठवावे, यावर मालकाचे नियंत्रण नसते. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने टॉर्नेडो कॅश या मिश्रण-सेवेवर (अनेकांची नाणी एकत्र मिसळून माग पुसणाऱ्या सेवेवर) निर्बंध लादले, त्यानंतर कोणीतरी खोडसाळपणे त्या सेवेतून अनेक प्रसिद्ध व्यक्तींच्या ज्ञात पत्त्यांवर प्रत्येकी ०.१ ईथर पाठवले. त्या सगळ्यांच्या वॉलेटवर निषिद्ध स्रोताचा डाग लागला आणि त्यांना तो रोखताही आला नसता. मार्च २०१४ मध्ये न्यूजवीकने कॅलिफोर्नियातील एका वृद्ध अभियंत्याला बिटकॉइनचा जनक ठरवले, त्याने वारंवार नकार दिला, तरी त्याच्या घरासमोर पत्रकारांची गर्दी झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये एचबीओच्या एका माहितीपटाने विकासक पीटर टॉड यांच्याकडे तसाच निर्देश केला. त्यांनी तो फेटाळला, परंतु सुरक्षिततेसाठी त्यांना काही काळ अज्ञात ठिकाणी राहावे लागले. अफाट संपत्ती असल्याचा समज पसरला की ती प्रत्यक्षात आहे की नाही, हे लुटारू आधी तपासत बसत नाही.

टोकनकर

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, पण एकांगी वाटतो. वॉलेटचे मालक ओळखता येतात, म्हणूनच या क्षेत्रात चोरीचा माल थोडाफार तरी परत मिळतो. ऑगस्ट २०१६ मध्ये बिटफिनेक्स एक्स्चेंजमधून १,१९,७५४ बिटकॉइन चोरीला गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने त्यांपैकी ९४ हजारांहून अधिक जप्त केले, तेव्हा त्यांचे मूल्य सुमारे ३.६ अब्ज डॉलर होते. मे २०२१ मध्ये कलोनियल पाइपलाइन या अमेरिकी इंधनवाहिनी कंपनीने खंडणीदारांना ७५ बिटकॉइन दिले आणि महिनाभरात त्यांतील ६३.७ परत हस्तगत झाले. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता गेली, त्यानंतर ती कोणत्या पत्त्यांवरून कुठे सरकते आहे, हे स्वतंत्र अभ्यासकांनी जाहीरपणे मांडले. एरवी सामान्य गुंतवणूकदाराला त्याची वार्ताही लागली नसती.

करचुकवेगिरी करणाऱ्याला गोपनीयतेचा पुळका येतो, असाही अनुभव आहे. ज्याचा व्यवहार स्वच्छ आहे, त्याने आपल्या सीएपासून पत्ता लपवण्याचे कारण काय?

वकीलपेठ

टोकनकर यांनी दिलेली उदाहरणे बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र त्यांतून निघत नाही. बिटफिनेक्स प्रकरणातील संशयितांची नावे कोणा बक्षीसखोराने जाहीर केली नव्हती. तपास यंत्रणांनी ब्लॉकचेनवरील माग एक्स्चेंजपर्यंत नेला, तेथील ग्राहकांची माहिती कायदेशीर मार्गाने मिळवली आणि न्यायालयाच्या वॉरंटद्वारे संशयिताच्या क्लाउड खात्यातील एक कूटबद्ध फाइल ताब्यात घेऊन उघडली; तिच्यात सुमारे दोन हजार पत्ते आणि त्यांच्या खासगी किल्ल्या होत्या. (सामायिक तक्त्यांवर विसंबणाऱ्या सर्वांनी हा तपशील जरा सावकाश वाचावा.) तेथे ओळख पटवण्याला एक प्रक्रिया होती, न्यायालयाची मान्यता होती, आरोपीला पुराव्याला आव्हान देण्याची संधी होती. एखाद्या संकेतस्थळाने खासगी व्यक्तीच्या पत्त्यावर नाव चिकटवले, तर यांपैकी काहीही नसते. एक्स्चेंजचे, सरकारचे किंवा चोरीच्या मालाचे पत्ते जाहीर करणे आणि नाशिकच्या एका प्रोग्रॅमरची बचत जाहीर करणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत.

न्यायालयातसुद्धा ही साधने निर्विवाद नाहीत. बिटकॉइन फॉग या मिश्रण-सेवेच्या खटल्यात चेनॅलिसिस या ब्लॉकचेन-विश्लेषण कंपनीच्या तज्ज्ञ साक्षीदारास त्यांच्या सॉफ्टवेअरच्या अचूकतेविषयी शास्त्रीय पुरावा विचारण्यात आला, तेव्हा तसा अभ्यास आपल्याला ठाऊक नसल्याचे त्यांनी सांगितले. न्यायाधीशांनी अखेर तो पुरावा ग्राह्य धरला आणि मार्च २०२४ मध्ये आरोपी दोषी ठरला, हेही येथे नमूद केले पाहिजे. पण उलटतपासणी झाली, यालाच महत्त्व आहे.

आता कायद्याकडे वळतो. अमेरिकेत पाचव्या सर्किट या संघीय अपील न्यायालयाने २०२० मध्ये ग्रॅटकोव्स्की प्रकरणात असे ठरवले की ब्लॉकचेनवरील व्यवहारांबाबत आणि एक्स्चेंजकडील नोंदींबाबत खातेदाराला गोपनीयतेची वाजवी अपेक्षा ठेवता येत नाही. एक्स्चेंजकडील हजारो ग्राहकांच्या नोंदी करखात्याने एकाच समन्सद्वारे मागवल्या, त्याविरुद्ध लढलेल्या हार्पर यांची याचिका जून २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीस घेण्यास नकार दिला. ‘तिसऱ्याला दिलेली माहिती ही खासगी राहत नाही’ या तेथील जुन्या सिद्धान्ताचे हे फळ आहे.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने गोपनीयता हा मूलभूत अधिकार ठरवला आणि राज्यसंस्थेच्या हस्तक्षेपाला कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणबद्धता या कसोट्या लावल्या. त्या चौकटीत ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने एक्स्चेंजना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आणले, त्यामुळे ग्राहकाची ओळख पटवणे आणि संशयास्पद व्यवहार वित्तीय गुप्तवार्ता विभागास कळवणे त्यांच्यावर बंधनकारक झाले. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने ग्राहकांची व व्यवहारांची माहिती पाच वर्षे जपण्याचा आदेश दिला होताच. टीडीएस पॅनवर कापला जातो. थोडक्यात, भारतीय एक्स्चेंजवरून व्यवहार करणारा माणूस करखात्याला अज्ञात नाही. त्यामुळे ‘सीएपासून का लपवता’ हा प्रश्न गैरलागू आहे. अशील सरकारपासून काही लपवत नसून माहितीच्या प्रती किती ठिकाणी तयार व्हाव्यात, एवढेच ठरवू पाहत आहेत.

खासगी संस्थांसाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते, ती वैयक्तिक माहिती, अशी त्याची व्यापक व्याख्या आहे. नुसता पत्ता त्यात बसेल की नाही, यावर वाद होऊ शकेल. नाव आणि पॅन यांच्याशेजारी लिहिलेला पत्ता निःसंशय बसतो. म्हणजे तो तक्ता तयार करताना आपले कार्यालय माहितीचे विश्वस्त बनते. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे आणि माहिती फुटल्यास या कायद्याखालील माहिती संरक्षण मंडळाबरोबरच प्रत्येक बाधित व्यक्तीला कळवावे लागेल.

या कायद्याला दोन भोके आहेत, तीही सांगतो. व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेल्या माहितीला तो लागू होत नाही, म्हणून ज्याने आपल्या सोशल मीडिया खात्यावर स्वतःच्या नावाचा ‘.ईटीएच’ पत्ता (वॉलेटच्या पत्त्याला दिलेले वाचता येणारे नाव) मिरवला आहे, त्याला तक्रारीला फारसा आधार उरत नाही. दुसरे म्हणजे, परदेशातील संस्थेला हा कायदा लावायचा तर ती भारतातील लोकांना वस्तू किंवा सेवा पुरवत असली पाहिजे. जी कंपनी येथील कोणाला काही न विकता केवळ येथील व्यक्तीच्या वॉलेटवर नाव लावते, तिच्यापर्यंत हा हात पोहोचेल, असे मला वाटत नाही.

हिशेबनीस

सर्वांचे आभार. विवरणपत्रातील व्हीडीए परिशिष्ट मी पुन्हा वाचले. त्यात संपादनाची तारीख, हस्तांतरणाची तारीख, खरेदीची किंमत, मिळालेला मोबदला आणि उत्पन्न विचारले जाते. वॉलेटचा पत्ता कुठेही विचारलेला नाही. म्हणजे आम्ही आजवर आपल्याच सोयीसाठी तो मागत होतो. मात्र पुढे कर निर्धारण अधिकाऱ्याने पुरावा मागितला, तर काय करावे? दुसरे असे की २०२३ च्या मे महिन्यातील अधिसूचनेने सीएंनाही मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आणले आहे, त्यामुळे पत्ते ठेवणे आमच्यावर बंधनकारक ठरते का? आणि नकार देणाऱ्या त्या अशिलांनी शारीरिक हल्ल्याचीही भीती बोलून दाखवली होती. ती मला काहीशी अतिरंजित वाटते.

वकीलपेठ

त्या अधिसूचनेपुरते उत्तर देतो. ३ मे २०२३ ची अधिसूचना अशिलाच्या वतीने काही ठरावीक आर्थिक व्यवहार प्रत्यक्ष पार पाडणाऱ्या सीएंना लागू होते: स्थावर मालमत्तेची खरेदी-विक्री, अशिलाचा पैसा, रोखे किंवा इतर मालमत्ता सांभाळणे, बँक खाती चालवणे इत्यादी. नुसते विवरणपत्र भरणे त्यात येत नाही. आपण अशिलाचे वॉलेट स्वतः हाताळत असाल, तर मात्र गोष्ट वेगळी.

काळी पाटी

मी माहिती-सुरक्षेच्या क्षेत्रात काम करते, म्हणून भीती अतिरंजित आहे का, या प्रश्नावर लिहिते. मुळीच नाही.

२०२० मध्ये लेजर या हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीच्या विपणन विभागाची माहिती फुटली. त्यात कोणाची खासगी किल्ली नव्हती, शिल्लक नव्हती, वॉलेटचे पत्तेही नव्हते. सुमारे दहा लाख ईमेल आणि त्यांपैकी साधारण २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावे, घरचे पत्ते व फोन क्रमांक एवढेच होते, आणि ते त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये एका हॅकर मंचावर फुकट टाकण्यात आले. या लोकांनी केवळ एक उपकरण विकत घेतले होते. तेवढ्यावरून त्यांना धमकीचे संदेश आले आणि काहींच्या घरी टपालाने बनावट उपकरणे पोहोचली, ज्यांत वॉलेटच्या किल्लीचे गुप्त शब्द भरले असते तर सारे गेले असते. आपल्या तक्त्यात याहून कितीतरी अधिक आहे: नाव, मोबाइल आणि प्रत्येकाची शिल्लक क्षणोक्षणी दाखवणारा पत्ता. चोराच्या दृष्टीने ती मोठ्यातून लहानाकडे क्रम लावता येणारी यादी आहे.

जानेवारी २०२५ मध्ये लेजरचे सहसंस्थापक डेव्हिड बालाँ यांचे फ्रान्समधील घरातून अपहरण झाले आणि खंडणीसाठी त्यांचे बोट तोडण्यात आले; पोलिसांनी त्यांची सुटका केली. त्याच वर्षी मे महिन्यात पॅरिसमध्ये एका क्रिप्टो कंपनीच्या प्रमुखाच्या मुलीला भर रस्त्यात पळवण्याचा प्रयत्न झाला. बँकेतील मोठी रक्कम जबरदस्तीने हलवायची तर मर्यादा, विलंब आणि व्यवहार गोठवण्याची शक्यता आडवी येते. स्वतःच्या वॉलेटमधील रक्कम मात्र मालकाच्या एका स्वाक्षरीने, रात्री-अपरात्री, कायमची जाते. म्हणून येथे ओळख फुटण्याचा अर्थ निराळा होतो.

गळती बहुतेक वेळा आतून होते. मे २०२५ मध्ये कॉइनबेसने जाहीर केले की त्यांच्यासाठी परदेशात ग्राहकसेवेचे काम करणाऱ्या काही कर्मचाऱ्यांनी लाच घेऊन ग्राहकांची नावे, पत्ते, ओळखपत्रांच्या प्रतिमा आणि शिल्लक व व्यवहारांचा इतिहास बाहेर दिला. ६९,४६१ ग्राहक बाधित झाले, गुन्हेगारांनी दोन कोटी डॉलर मागितले, आणि या गळतीचा एक धागा इंदूरमधील ग्राहकसेवा केंद्रापर्यंत पोहोचल्याचे वृत्त रॉयटर्सने दिले. आपल्या पुण्याचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. २०१८ मधील बिटकॉइन फसवणुकीच्या गुन्ह्यांच्या तपासात पुणे पोलिसांनी दोन सायबर तज्ज्ञांची मदत घेतली होती. मार्च २०२२ मध्ये त्या दोघांनाच अटक झाली. आरोपींच्या वॉलेटची माहिती हाती आल्यावर त्यातील क्रिप्टो परस्पर वळवले आणि पोलिसांना फेरफार केलेले स्क्रीनशॉट दिले, असा त्यांच्यावर आरोप आहे. आरोप सिद्ध होवोत वा न होवोत, कोणत्या वॉलेटमध्ये किती आहे हे ठाऊक असलेल्या प्रत्येक माणसागणिक धोका वाढतो, हे त्यातून स्पष्ट दिसते.

आता कामाचे. अशिलाला त्याच्या वॉलेटमधून किंवा स्वतःच्या संगणकावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधून व्यवहारांचा तक्ता काढायला सांगा: तारीख, नाण्याचा प्रकार, प्रमाण, त्या दिवसाचा रुपयांतील दर, शुल्क. पत्त्यांचा आणि व्यवहार-क्रमांकांचा रकाना देण्यापूर्वी काढून टाकायला सांगा, कारण व्यवहार-क्रमांकावरून पत्ता एका क्लिकवर सापडतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. नेमकी वेळ आणि रकमेचे आठ दशांश आकडे यांवरूनही व्यवहार शोधता येतो, म्हणून नुसती तारीख आणि पुरेसा ढोबळ केलेला आकडा घ्यावा. एखादी नोंद पडताळायचीच असेल, तर ती अशिलाला समोर बसवून त्याच्या पडद्यावर पाहावी आणि पडताळल्याचा शेरा आपल्याकडे ठेवावा.

मूळ पुरावा अशिलाकडेच राहू द्या. फेरनिर्धारणाची (जुने विवरणपत्र पुन्हा तपासायला घेण्याची) मुदत संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून सर्वसाधारणपणे तीन वर्षे तीन महिने आणि वगळलेले उत्पन्न ५० लाख किंवा अधिक असल्यास पाच वर्षे तीन महिने आहे; तेवढा काळ त्याने तो जपावा, असे त्याला लेखी कळवा. अधिकाऱ्याने मालकीचा पुरावा मागितला, तर संबंधित पत्त्याच्या किल्लीने एखादा ठरावीक मजकूर स्वाक्षरित करून मालकी सिद्ध करता येते, आणि ती केवळ त्या एका पत्त्यापुरती, त्या वेळी, मागणाऱ्यालाच.

जुन्या तक्त्यातून पत्त्यांचा रकाना काढताना क्लाउडवरील मागील आवृत्त्या, ईमेलमधील जोडपत्रे आणि कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर पडून राहिलेले स्क्रीनशॉट यांचाही शोध घ्या. माझ्या अनुभवात तक्ता सुरक्षित असतो आणि त्याचे छायाचित्र गटात फिरत असते. अशिलांनाही एक गोष्ट सांगा: यूपीआयवर पैसे देऊन अनोळखी माणसाकडून थेट यूएसडीटी (यूएसडीसीसारखेच डॉलरशी बांधलेले नाणे) घेताना त्या माणसाला त्यांचे नाव, बँक आणि वॉलेटचा पत्ता एकाच वेळी मिळतो. वरून त्या पैशाचा माग एखाद्या सायबर गुन्ह्यापर्यंत गेला, तर बँक खाते गोठण्याची नामुष्कीही पदरी येते.

टोकनकर

सीए कार्यालयापुरता मुद्दा पटला. सेवांचे पत्ते उघड असावेत, या मतावर मी कायम आहे. एक शंका राहते: ज्याच्या वॉलेटवर एखाद्या संकेतस्थळाने आधीच नाव लावले आहे, त्याने काय करावे?

साखळीवाचक

संकेतस्थळाला नाव काढण्याची विनंती करावी, पण त्यावर विसंबू नये; तोवर ती नोंद इतरांनी उतरवून घेतलेली असते. रक्कम थेट नव्या वॉलेटमध्ये पाठवण्याने काही साधत नाही, कारण तो व्यवहारही सर्वांसमोर होतो आणि नाव नव्या पत्त्यापर्यंत मागोमाग जाते. मिश्रण-सेवांच्या वाटेला जाऊ नये. टॉर्नेडो कॅशवरील अमेरिकी निर्बंध मार्च २०२५ मध्ये उठले असले, तरी तेथून आलेली रक्कम एक्स्चेंजकडे संशयास्पद ठरण्याची शक्यता कायम आहे. त्यातल्या त्यात वैध मार्ग हाच की ती नाणी वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी असलेल्या एक्स्चेंजमध्ये जमा करावीत, न विकता काही काळाने वेगवेगळ्या हप्त्यांत नव्या पत्त्यांवर काढावीत आणि त्या नव्या पत्त्यांचा जुन्याशी पुन्हा संबंध येऊ देऊ नये, अगदी गॅस शुल्कासाठीही नाही. एक्स्चेंजला आणि गरज पडल्यास तपास यंत्रणेला ही साखळी दिसेल. रस्त्यावरच्या बघ्याला दिसणार नाही. स्वतःच्याच मालकीत अशी हालचाल करताना विक्री होत नसल्याने कर लागू नये, परंतु त्या प्रत्येक जमा-काढीची तारीख आणि शुल्क अशिलाने स्वतःच्या वहीत काटेकोरपणे लिहून ठेवावे, कारण पुढे ती नाणी विकल्यावर मूळ खरेदीची किंमत दाखवण्यासाठी जुन्या आणि नव्या वॉलेटमधील दुवा त्यालाच सिद्ध करावा लागेल.